अर्धी बशी

टिटवी पाचवी आली.
जतच्या माळावर ऐंशी किलोमीटर,
शेवटचे बारा तर नुसत्या फुफाट्यातून.
मी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला,
एक मिनिट डोळे मिटून मोजत राहिले.
छप्पन्न.
चौसष्टच्या आत म्हणजे पास.

आता उरलं लघवीचं.
काठीला बांधलेला डबा घेऊन मी तिच्या मागं,
दस्तगीर मुजावर पुढं, शीळ घालत,
हलकी, एकसुरी, नळ गळतो तशी.
पाऊण तास.
तिनं पाय फाकले,
परत मिटले,
आमच्याकडं असं बघितलं
की आम्हीच काहीतरी चोरलंय.

तेवढ्या वेळात अर्ज भरू म्हटलं.
गेल्या तीन दिवसांत काय काय दिलं?
"मीठ." चालतं.
"गूळ, मुठीएवढा." चालतो.
"जवस. रातच्याला हळद, आपल्या सांगलीचीच."
यादीवरून फिरणारं माझं बोट हळदीपाशी अडखळलं,
पुढं गेलं.
"गुडघ्याला एरंडाचं पान, गरम करून."
मिरची नाही ना लावली कशात?
तो हसला. "डाक्टरीनबाई, मिरची माणसं खात्यात."
मिरची यादीत आहे.
आधी भाजते, मग बधिर करते;
बधिर पाय थांब म्हणत नाही.

"आणि च्या," तो म्हणाला.
"पहाटं. अर्धी बशी, माझ्यातलाच.
शिंगरू होती तवापास्नं.
न्हाई दिला तर दावं तोडती."

शीळ थांबली.

चहात काय असतं ते मला पाठ आहे,
प्रयोगशाळेतल्या यंत्राला माझ्याहून पाठ.
यंत्राला बशी दिसत नाही,
फुंकर घालून गार केलेली.

पलीकडच्या तंबूत तो काळा घोडा.
काल संध्याकाळी मागचा डावा पाय टेकत नव्हता,
आज दुसरा आला.
त्यांच्या बाटलीवर नाव नव्हतं,
आणि ज्याला नावच नाही
ते यादीत कुठून असणार.
त्यांचा अर्ज मात्र सुवाच्य:
मीठ, गूळ, पाणी.

कॉलेजात वाटायचं, रेघ खडूनं मारता येईल.
भुकेला घातलं ते अलीकडं,
दुखण्याचं तोंड दाबलं ते पलीकडं.
आणि सवय?
माया?
ती कुठल्या रकान्यात भरायची
हे कुणी शिकवलं नाही.

तेवढ्यात टिटवी मुतली,
भरपूर, फेसाळ, माझ्या बुटावरसुद्धा.
बाटलीला लाख लावली, आकडा टाकला.
दस्तगीरनं एकेक अक्षर उचलून ठेवत सही केली,
मग हळूच विचारलं,
"च्याचं लिवलं का?"

लिहिलं होतं. निळ्या शाईत, वेळेसकट.

तो काही बोलला नाही.
थर्मास उघडून दोन कप ओतले,
एक माझ्या हातात दिला.
टिटवीनं मान लांब केली,
नाकपुड्या फुलवल्या.

मी कप दुसऱ्या हातात घेतला.