पहिली वेलांटी

पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा ती निळी चौकट:
आपल्या संगणकाला यापुढे आधार मिळणार नाही.
आधार म्हणे.
यूपीएसच्या बॅटऱ्या चारदा बदलल्या त्या मी,
पंख्यातली धूळ काढते ती जुन्या टूथब्रशने, मीच.

धनकवडीत, शेवटच्या स्टॉपच्या अलीकडे
जिन्याशी अजून पाटी आहे:
मराठी टायपिंग. पत्रिका, प्रबंध, इतर.
'इतर'मध्ये बरंच काही येतं.

ऋता बाणेरहून फोनवर,
"आई, एक बटण तर दाबायचंय."
तापकीर गल्लीतला इम्तियाज मात्र मान हलवतो,
"करून देतो मावशी, पण तुमचा फाँट मरेल.
मागचं ते डोंगल नवी सिस्टिम ओळखतच नाही.
कंपनीच उरली नाही, विचारणार कुणाला?"

एकदा नेली होती एक फाइल पेनड्राइव्हवर
ऋताच्या लॅपटॉपवर उघडून बघायला.
'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी
चौकोन, डॉलर, उलटं प्रश्नचिन्ह
आणि डोक्यावर दोन टिंबं घेतलेला कुठल्या देशाचा ओ.
जावई हसला. मीही हसले.
परतताना बसमध्ये मोजत होते:
अकराशे लग्नं, दोनशे बारशी,
चाळीसेक पीएच.ड्या, त्यातल्या तीन सारख्याच.
दशक्रियेचे कागद मोजायचे राहिले,
कात्रज डेअरी आली.

आणि बोटांचं काय?
माझ्या बोटांना पहिली वेलांटी आधी येते,
मग अक्षर.
'विवाह' लिहायचा तर रिकाम्या जागेवर
आधी ती वाकडी काठी उभी करायची,
मग तिच्या आडोशाला व येऊन बसतो.
नव्यात म्हणे आधी व,
वेलांटी मागून द्यायची,
ती आपली आपण उडी मारून पुढे जाते.
तीस वर्षं मी
अजून न आलेल्या अक्षरासाठी
वेलांटी टाकत आले.
न चुकता आलं ते.

गेल्या सोमवारी आंबेगावचे दांगट आले,
पिशवीत जुनी पत्रिका, हळदीच्या डागासकट.
"हीच ठेवा मॅडम. मजकूर तोच, मुलगी तीच.
फक्त जावई बदला."
आणि चष्मा पुसत बसले,
पुसून झाला तरी.

फाइल सापडली. मे दोन हजार अकरा.
दांगट फायनल. मग दांगट फायनल दोन.
उघडली तर एक काना हलला नव्हता.
मी कर्सर नेला त्या नावाशी,
बोट बॅकस्पेसवर,
तोच हेल्मेट काढत मुलगीच जिना चढून आली.
वडलांकडे न बघता म्हणाली,
"ही नका उघडू. कोरं पान घ्या.
आमचे येथे श्रीकृपेकरून वगैरे काही नको.
वर 'निमंत्रण', मग आमची दोन नावं, तारीख, जागा. बास."
दांगट म्हणाले, "आणि आहेर?"
"आणावा म्हणून लिहा," ती म्हणाली.
पहिल्यांदा हसले दांगट.

कोरं पान.
पहिली वेलांटी पडली, एकटीच,
पांढऱ्यावर काळी काठी, शेजारी कुणी नाही.
पोरगी वाकून बघत होती.
"अय्या, ही आधी येते?"
"आमच्यात हो," म्हटलं
आणि न दाबला.

ती दोघं गेली, तर चौकट हजर:
आता, की नंतर?
इम्तियाजला फोन लावला.
म्हटलं, नवा डबा घेऊन ये, मध्यम किमतीतला.
शिलाई मशिनच्या टेबलावर जागा करते.
याला हात लावायचा नाही,
फक्त नेटची वायर काढ याची,
कुणी बाहेरून आधार काढून घ्यायला नको.
मला रोज अर्धा तास बसव त्या नव्यावर,
व आधी, वेलांटी नंतर, होईल सवय.
नाही झाली तर ऋताला देऊन टाकेन.

"गुरुवारी येऊ?"

गुरुवारी नको रे, गुरुवारी लाइट जाते.
शुक्रवारी ये.

तोवर 'नंतर' दाबून ठेवलंय.