कारण

अकरा हजार. पावती गुलाबी, सही कुणाची ते कळत नाही.
उद्यमबागेतली पहिली पाळी बुडवून
चौथ्यांदा आलोय शोरूमला,
हातांना अजून मोल्डिंगच्या वाळूचा वास.

बुकिंगच्या दिवशी विरुपाक्षनं पेढा भरवला होता,
खांद्यावर हात टाकून फोटो काढला होता.
आज तो काचेपलीकडं
फोनवर फार वेळ नुसतं हां, हां म्हणतोय.
मॅनेजर हुबळीला गेलेत.
मागच्या मंगळवारीही हुबळीलाच होते.
टोकन परत मिळत नाही, सर.
कुठं लिहिलंय?
पावतीच्या मागं.
मागं बारीक कन्नड.
बसच्या पाट्या वाचतो मी, दुकानांची नावं वाचतो,
एवढं बारीक नाही जमत.

शेवटी अकाउंट्सच्या फर्नांडिसबाईंनी फॉर्म काढला.
नाव : यल्लाप्पा होनगेकर. रंग : पांढरा.
आणि मग एक रिकामी ओळ. कारण.
बाई म्हणाल्या, हे दोन्हीकडं सारखंच बघा,
कारण म्हणजे कारण.
मी बघत बसलो.
तीन अक्षरांतली दोन तर कारच आहे,
उरला ण, त्याचं काय करायचं.

काय लिहू?
की टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या रेल्वे गेटाशी थांबलो,
मालगाडी संपता संपेना,
एसी गार, काचा बंद, शेजारी विरुपाक्ष,
आणि सुमित्रा मागच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन,
परक्याच्या घरी टेकल्यासारखी.
स्कूटरवर ती सारखी कानाशी असते :
खड्डा बघा, गॅस संपत आलाय,
तुमच्या बहिणीला एक फोन तरी करा.
गेट उघडलं. वडगावपर्यंत एक शब्द नाही.
घरी आल्यावर म्हणाली, छान आहे की.

हे कुणाला लिहून द्यायचं, शिक्का मारून?

लिहिलं : मन बदललं.
बाईंनी खाली कन्नडात उतरवलं, वाचूनही दाखवलं,
मनस्सु बदलायितु.
म्हटलं, हे तर मला कळलं.
कळणारच, त्या म्हणाल्या, आता इथं सही.

पंधरा दिवसांनी चेक आला. दहा हजार पाचशे.
पाचशे कशाचे, विचारायला जायचं
तर अजून एक पाळी बुडणार,
पाळीचे सातशे.
नाही गेलो.

बुकिंगला दिलेली किल्लीची साखळी,
चकचकीत, कंपनीचं नाव कोरलेली,
ती कुणी मागितलीच नाही.
स्कूटरची किल्ली आता तिच्यात असते.
जरा जड आहे. वळणावर गुडघ्याला लागते.