लाइटबिलाच्या मागं

बिल उद्या भरायचंय, म्हणून शिसपेन्सिलीनं.
मागच्या कोऱ्या बाजूवर मधोमध रेघ :
इकडं कोल्हापूर, तिकडं बेळगाव.
पट्टी सापडली नाही. रेघ खाली जाता जाता वाकडी झाली.

सुरगोंडाची फौंड्री उद्यमबागला निघालीय.
पगार साडेचार हजारानं जास्त.
घरभाडं तिकडं कमी,
पण डिपॉझिट दहा महिन्यांचं.
पेट्रोल रुपयाभरानं स्वस्त, लिहिलं.
गाडीचा एमएच पुसून केए करायला किती,
ते आरटीओतल्या एजंटानं चहा पिऊनही नीट सांगितलं नाही.
दूध. गंगावेशीत म्हैस समोर उभी असते,
पेल्यावरचा फेस ओठाला लागतो.
त्याच्यासमोर काय लिहायचं?
‘पिशवी’ लिहिलं, पुढं गेले.

एसटी : तिकडं बायकांना फुकट, इकडं अर्धं तिकीट.
हे मला आवडलं. खाली दोन रेघा मारल्या.
मग ध्यानात आलं,
फुकट ते कोगनोळीपर्यंतच.
माहेर हुपरीला. म्हणजे हद्द ओलांडली
की पैसे मोजूनच लेकीनं यायचं.

आणि हुपरीहून येणारं माझं काम,
पैंजणाच्या कड्या जोडायचं,
महिन्याला तीन, दिवाळीत पाच हजार.
ते कुणी धरलंच नव्हतं हिशेबात.
मीही नाही, खरं सांगायचं तर.
आता लिहिलं. तिकडच्या रकान्यात शून्य काढलं,
जरा मोठंच निघालं.

कुंभोजेंच्या दुकानात
“एक तारखेला देते” म्हटलं की साखर मिळते.
ते पुडी बांधतात, वर बघतसुद्धा नाहीत.
हे वाक्य कानडीत कसं म्हणतात?
आणि म्हटलं, तरी
कोण ऐकणार आहे?

सासूबाई डब्यात तांदळाची मापं घालत होत्या.
गोकाकहून या घरात आल्या त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली.
भांडतात मराठीत, देवाशी बोलतात मराठीत,
मापं तेवढी अजून कानडीत मोजतात.
कागदाकडं बघून म्हणाल्या,
“मी येताना असली रेघ कुणी मारली न्हवती, बाई.”

मी विचारलं, “मग किती पडलं?”

हात मापट्यावरच थांबला.
मोजणी चुकली होती.
त्यांनी डबा परातीत उपडा केला
आणि पहिल्यापासून सुरू केलं :
ओंदू,
येरडू…