वरच्या चकत्या

चिठ्ठीवर एवढंच: मूतखडा, डावी बाजू.
रास्ता पेठेतलं सेंटर, रात्रीचे पावणेदहा.
वत्सला पासलकर, वय एकावन्न,
बांगड्या रुमालात बांधलेल्या,
मंगळसूत्र कुठे ठेवू, विचारत होती.

मी ओळखलं. तिने नसावं.
शास्त्री रोडच्या मागे, जिन्याखालची मेस.
तीन वर्षं जेवलो तिच्या हातचं,
पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, मुख्य एकदाही नाही,
शेवटच्या महिन्याचे पैसे
तिने मागितलेच नाहीत.

मशीन हिंदीत बोलतं, साँस रोकिए.
तिने रोखला. मग खोकली.
"फोडणी बसलीय घशात, रोजचंच."
परत घेतलं.

खडा सापडला. ज्वारीच्या दाण्याएवढा,
पाणी पिऊन पडेल असा.
पण पोटाच्या स्कॅनमध्ये
छातीच्या तळाच्या दोन-चार चकत्या येतातच वर,
भाकरी थापताना परातीबाहेर पीठ सांडतं तशा.
कोणी मागवलेल्या नसतात.
त्यांचे पैसे पडत नाहीत.

तिथे उजवीकडे बारीक ठिपके,
डहाळीला कळ्या धराव्यात तसे.
कर्णिक सर घरून बघत होते, फोनवर म्हणाले,
"संसर्ग दिसतोय. टीबीही असेल, आत्ताच सांगता येत नाही.
थुंकी तपासायला पाठवा.
आणि शेवटी टाका, सहज आढळले."

मी टाईप केलं. सहज.

पत्र्याच्या पार्टिशनपलीकडे
भाकरीच्या थापांमधून यायचा तो खोकला,
सव्वाआठच्या पंगतीला.
आम्ही बाराजण, ताटाशेजारी चालू घडामोडी.
कोणीतरी ओरडायचं, मावशी, मिरची कमी करा!
आणि हसायचो.
एकदा तर मीच ओरडलो होतो.

ते तीन वर्षांचं ऐकणं
रिपोर्टात कुठे लिहितात,
त्याला रकाना नाही.

बाहेर येऊन म्हणाली, "खडाच आहे ना? मग बास.
सकाळी चाळीस डबे आहेत."
मी म्हटलं, रिपोर्ट उद्या. डॉक्टर बोलतील.
उद्या याच पण, नक्की.

ती बघत राहिली.
"भात परत करायचास तोच ना तू?
अजून तसाच काटकुळा.
एवढी मशिनं आहेत इथे, एकदा बघून घे स्वतःला."

रुमालाची गाठ सुटेना तिला.
एकेक बांगडी चढवत होती, हिरव्या, काचेच्या.
मी लिफ्टचं बटण
दाबून धरलं.