अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे

कुर्ल्याच्या आयटीआयत, पाइपफिटरच्या शेडमध्ये
नवा पाइप हाताला लागायचा नाही.
आधीच्या बॅचने आटे पाडलेलं टोक
हॅकसॉने उडवायचं, पुन्हा डाय लावायची.
अर्धा इंची जीआय. प्रत्येक पोरामागे
बोटाच्या दोन पेरांनी आखूड.
तांडेल सर म्हणायचे, हा आला तेव्हा
माझ्या खांद्याला लागत होता.
आता दोघेही संपत आलो.

डायला घाई चालत नाही.
अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, वरून तेल.
मागे आल्याशिवाय कीस तुटत नाही.
एकवीस पोरांत मी एकटी;
हँडलला लोंबकळायचे सगळं वजन टाकून
आणि व्हाइससकट बाकडंच सरकायचं.
कुणी हसलं की सर म्हणायचे,
"बाकडं हललं. आटा हलला का? बघा."
मग बाकड्याचे बोल्ट आवळायला
त्याच हसणाऱ्याला बसवायचे.

भिंतीपलीकडे मोटर कंट्रोलची शेड.
दिवसभर कॉन्टॅक्टर ऐकू यायचा: ठक्.
थोडं थांबून, ठक्.
जुबेर काझी तिथला. डब्याच्या सुट्टीत
पावाचे तुकडे करून सर्किट मांडायचा,
हे हिरवं बटण, हे लाल, ही कॉइल.
"बटण दाबलं, बोट काढलं, तरी मोटर चालू. का?"
मी म्हटलं, भूत.
"होल्डिंग. एकदा आत ओढला गेला
की स्वतःच स्वतःला धरून ठेवतो."
आणि खाऊन टाकायचा सगळं, कॉइलसकट.

स्टार-डेल्टा त्यानेच समजावलं.
मोठ्या मोटरवर पहिल्या क्षणी
पूर्ण व्होल्टेज टाकत नाहीत;
आधी स्टारमध्ये जरा फिरू देतात,
टायमर संपला की डेल्टा.
आमच्या घरात हे कुणाला ठाऊक?
बाबा गेले त्या आठवड्यात
माझ्यावर थेट डेल्टा पडला होता.

परीक्षेला चार एल्बो, दोन टी, एक युनियन.
दहा किलो प्रेशर. अर्धा तास
नुसतं बसायचं, गेजच्या काट्याकडे बघत.
आमच्या कामात काही न होणं म्हणजेच पास होणं.
माझ्या तिसऱ्या जोडाला घाम आला.
थेंब नाही, घामच. परीक्षकाने बोट फिरवलं,
बोट पँटला पुसलं, चार मार्क कापले.
"ताग जास्त, सफेदा कमी."
सर्टिफिकेट कुठल्या पिशवीत आहे ते आठवत नाही,
ते चार मार्क रोज आठवतात.

काल रात्री दोन वाजता, परळच्या टॉवरखाली,
पंपरूममध्ये पॅनेल दात वाजवत होतं.
माझं काम व्हॉल्व्हचं. पण तो आवाज
मी भिंतीपलीकडून दोन वर्षं ऐकलाय.
जुबेर दोह्याला असतो. फोन उचलला,
मी मोबाइल पॅनेलजवळ धरला, तो ऐकत राहिला.
"आधी आयसोलेटर बंद. त्याला कुलूप.
किल्ली तुझ्या खिशात. मग बोल."
किल्ली खिशात टाकली.
"आता इलेक्ट्रिशियनला उठव. तू हात लावू नकोस."
बरं, म्हटलं. सवयीने रागही आला.
मग माझ्या गळक्या फ्लँजकडे वळले.

सर निवृत्त झाले त्या दिवशी
त्यांनी मला तो पाइप दिला होता, उरलेला.
दोन्ही टोकांना आटे, मध्ये जेमतेम अंगठ्याएवढी जागा.
बाजारात याला निपल म्हणतात,
कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, मूठभर घ्या.
हा मात्र व्हाइसमध्ये धरता येत नाही,
म्हणजे यापुढे कुणाला कापताही येणार नाही.
आमच्या शेगडीचा एक पाय तुटलाय,
त्याच्याखाली ठेवलाय.
आईचं दूध आता एकाच बाजूने उतू जात नाही.