ओला की सुका

सोमवारी ओला, गुरुवारी सुका,
बाकीचे वार पंचायतीने कोरे ठेवलेत.
मल्लव्वा एकाच हातात रबरी मोजा घालून येते
आणि माझी पिशवी न उघडताच वजनावरून ओळखते.
'हे कुठल्या वारी देऊ?'
'बाहेरून सुकं, आतून ओलं,' ती म्हणते,
'साहेबांना विचारा.'
साहेब फोन उचलत नाहीत.

फार्मसीतल्या ज्युलियाने परवा दुसरंच पाकीट काढलं.
'डायपर पुरे झाले आता. ही पँट घ्या,
उभ्या उभ्या ओढून चढवायची. ट्रेनिंगची.'
ट्रेनिंग मीही केलंय. फिटर, दोन वर्षं,
कानस तिरकी धरली की मास्तरांची पट्टी बोटांवर.
इथे पुढच्या बाजूला एक अस्वल,
त्याच्या पोटावर पाच तारे.
ओलं झालं की तारे विरतात
आणि मूल म्हणे हिरमुसतं, आणि शिकतं.

अबोली हिरमुसली नाही.
तिला वाटलं, तारे घालवणं हाच खेळ.
संध्याकाळी पोट दाखवत आली: 'पप्पा, सगळे गेले!'
मी टाळ्या वाजवल्या.
काय करणार, वाजल्या.

तिची आई बांबोळीला रात्रपाळीत
परक्यांच्या चादरी बदलत असते.
सकाळी येऊन आधी बादलीत डोकावते, मग माझ्याकडे.
टेबलावर बालवाडीचा अर्ज.
नाव, रक्तगट, कशाची ॲलर्जी,
आणि खाली एक ओळ:
पाल्य स्वतःहून सांगते का? होय / नाही.
पोरीचं नाव अबोली ठेवलं तेव्हा
ही ओळ कुणी वाचली होती?

तशी ती सांगायची, पण भूतकाळात.
'केली.'
एवढंच. गुन्हा नाही, खंत नाही,
बातम्यांत पाऊस पडून गेल्याचं सांगतात तसं.

रविवारी रायबंदरहून चोडणला निघालो, मेव्हण्याकडे.
फेरीबोट मधोमध आली आणि थांबली.
खनिजाची बार्ज आडवी जात होती,
निवांत, सगळी मांडवी तिच्या बापाची असल्यासारखी.
तेवढ्यात माझी विजार ओढून अबोली म्हणाली,
'पप्पा, येतेय.'

येतेय.
जन्मात पहिल्यांदा व्हायच्या आधी.
आणि मी, दोन वर्षांचा प्रशिक्षित माणूस, म्हणालो,
'कर मग. पँट आहे ना.'

तिने माझ्याकडे असं पाहिलं
की मीच अर्जावर 'नाही'ला गोल केलाय.
मग बोलली नाही.
पायाला पाय घट्ट आवळून कठडा धरला,
ओठ आत घेतले,
आणि बार्ज काही संपेना.

दोर हातात घेऊन उभ्या आग्नेलने बघितलं.
त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, चार पोरांचा बाप.
'पावलीं गो बाय, पावलीं,' तो म्हणत राहिला,
पोचायला अजून अर्धी नदी होती तरी.
फळी आदळली. स्कूटरवाले,
जे एरवी आपल्या आईलाही पुढे जाऊ देणार नाहीत,
त्यांनी पाय टेकवून वाट दिली.

चिपीच्या झाडाआड, चिखलाच्या कडेला,
पँट घोट्यांशी.
एक खेकडा आपल्या बिळातून डोळे काढून बाहेर आला
आणि तसाच उलटा आत गेला.
केवढा वेळ चाललं होतं ते!
मी आभाळाकडे बघत उभा,
माझाच श्वास मोकळा झाल्यासारखा.

पाचही तारे जागच्या जागी.
तिने ती परत घालू दिली नाही.
मेव्हण्याकडे जेवताना फ्रॉकखाली काहीच नव्हतं,
आणि रात्री घरी गादीवर पुन्हा तळं.
अर्जातली ओळ अजून रिकामी आहे.
'होय' आणि 'नाही' यांच्या मधली तिरकी रेघ,
सध्या आम्ही तिच्यावरच राहतो.

ती पँट मात्र स्कूटरच्या डिकीत तशीच आहे, कोरी.
गुरुवारी मल्लव्वाला दाखवली.
मोजा नसलेल्या हाताने तिने ती उलटसुलट केली,
अस्वल बघितलं,
आणि पिशवीत न टाकता परत दिली.