झाकण

यादीतलं हे सातवं.
सिगिरियाचा खडक झाला, बागानची देवळं झाली,
हालाँगच्या पाण्यातले डोंगर धुक्यामुळे अर्धेच झाले,
आणि आता लाओस. फोनसावान गाव.
थंडी अशी, की चहाचा पेला पिण्याआधी
दोन्ही हातांनी नुसता धरून बसावा.

गाडीत सेंगदाओ म्हणाली, आज गर्दी नाही.
जरा वेळानं म्हणाली, गर्दी नसतेच.

पठार.
वाळलेलं गवत, चार-दोन पाइन,
आणि दगडी रांजण, माणसाच्या छातीएवढे,
उभे, कललेले, आडवे, कूस फुटलेले.
वऱ्हाड जेवून उठून गेलं
आणि भांडी घासायला कुणी उरलं नाही, असे.

दोन हजार वर्षं झाली म्हणतात.
राक्षसांनी लढाई जिंकून यांत दारू मुरवली म्हणतात.
मेलेल्यांना ठेवत, असंही म्हणतात.
सेंगदाओ हे ‘म्हणतात’
भाजीत मीठ घालावं तसं बेतानं घालते.

मी सांगितलं, आमच्याकडे पैठणला
एका घरी असाच रांजण होता,
देव स्वतः कावडीनं पाणी आणून भरायचा.
“भरला?”
बारा वर्षं भरत होता, म्हटलं.
तिनं जवळच्या रांजणात डोकावून पाहिलं.
तळाला बोटभर हिरवं पाणी, अळ्या,
कुणीतरी टाकलेलं एक नाणं.
“आमच्याकडे वरून आलं ते वेगळं,” म्हणाली,
आणि रुमालानं नाक पुसलं.

वाटेच्या कडेनं विटा पुरल्या आहेत,
अर्धी वीट पांढरी, अर्धी लाल.
पांढरीकडची जमीन बायकांनी यंत्र फिरवून
वीत वीत तपासलेली.
लालकडची राहिलेली.
गवत दोन्हीकडे सारखंच.
लाल बाजूला एक गाय निवांत चरत होती.
तिला कुणी सांगितलं नसावं.

रांजणांना एके काळी झाकणं होती.
एखादंच उरलंय. ते पालथं पडलेलं,
त्याचा फोटो घ्यायला गेलो
तर माझ्याच लेन्सचं झाकण सुटलं,
कडेवर गडगडत गेलं आणि थांबलं,
विटेपलीकडे, दीड हातावर.
मी एक पाऊल टाकलं.

“थांबा.”

ओरडली नाही.
निजलेल्या पोराशेजारी बोलावं तशी बोलली.
“जिथून पाय उचलला, तिथंच परत.”
जिथून उचलला ती जागा
गवतात मला सापडेना.
फुले तोडू नयेत, भिंतीवर लिहू नये,
जोडे बाहेर काढावेत,
आयुष्यभर पाट्या वाचून पुढे गेलेला मी
एका पायावर उभा, कान तापलेले,
आणि ती माझ्या बुटाकडे बोट दाखवत,
अजून मागे, अजून थोडं, हां.

मग बराच वेळ ती काही बोलली नाही.
परतताना म्हणाली, थोंगवानला तो पेटांकचा गोळा वाटला होता.
थोंगवान कोण, ते मी विचारलं नाही.
तिनंही सांगितलं नाही.

वाटेत नापिया गाव.
तिथं एक म्हातारा राखेच्या साच्यात
वितळलेलं ॲल्युमिनियम ओतून चमचे करतो,
बाँबच्या खोळींचे, विमानांच्या तुकड्यांचे.
साचा उघडला की चमचा काढतो,
कानस मारतो, ढिगात फेकतो. पुढचा.
मी दोन घेतले. इतके हलके,
की खिशात आहेत ना, सारखं चाचपावं लागतं.

रात्री तांदळाच्या शेवयांचं सूप आलं.
नवा चमचा बुडवला
आणि ओठ भाजला.
दिवसभरात सेंगदाओ पहिल्यांदा हसली.
“हा लगेच तापतो,” म्हणाली,
“जरा फुंकर घालायची.”

झाकण तिथंच आहे. काळं, रुपयाहून थोडं मोठं.
लेन्सवर मी पायमोजा चढवलाय.
उद्या आठवं, धबधबा.
गाडी सहाला.